महागडा मॉनिटर आणि डोळे

दहावी झाली की मुलगा गेमिंग मॉनिटर मागतो. ‘महागडा घेतला तर डोळ्यांना त्रास कमी’ अशी आईवडील स्वतःची समजूत घालतात. पण जास्तीचे पैसे मुख्यतः वेगाचे असतात. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर नवे चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येते, १४४ वर ६.९, तर २४० वर ४.२ मिलिसेकंदांनी. पहिला फरक खेळताना जाणवतो. दुसरा तीन मिलिसेकंदांचाही नाही. पडद्यावर काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंतच माणसाला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात!

स्वस्तात घेताना एक पाहावे. काही मॉनिटर उजेड कमी करताना मागचा दिवा भराभर चालू-बंद करतात. त्याने काहींचे डोके दुखते. म्हणून ‘फ्लिकर-फ्री’ मॉनिटर निवडावा. स्टँडची उंची बदलत नसेल तर खाली जाड पुस्तके ठेवावीत, वरची कड डोळ्यांच्या पातळीला आली की झाले.

डोळ्यांची जळजळ मात्र दोन्हींवर होते. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणाऱ्या पापण्या पडद्यासमोर पाच-सात वेळाच मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर दूरवर पाहावे. मुलाचा नंबर वाढत असेल, तर खरेदीआधी नेत्रतपासणी करून घ्यावी.