पट्टी लावून मासा मोजतात!

मुलांनो, कंपासपेटीतली पट्टी काढा बरं. पाच इंच म्हणजे केवढं? जेमतेम १२.७ सेंटिमीटर. परदेशातून धुरी दिलेला, खारवलेला किंवा सुकवलेला मासा पोट साफ न करता अख्खाच अमेरिकेत आला, तर एवढ्याशा लांबीवर त्याचं नशीब ठरतं. पाच इंचांहून मोठा असेल तर बंदरातच अडवतात. लहान माशाला सवलत आहे, पण त्यातही मीठ नीट मुरलेलं हवं.

एवढी कडक शिस्त कशाला?

गोष्ट १९८७ सालची. न्यू यॉर्कमध्ये 'कपचुंका' नावाचा मासा विकला गेला. रशियातून तिथे गेलेल्या लोकांचा हा आवडता पदार्थ. व्हाइटफिश नावाचा मासा अख्खाच खारवून वाळवायचा आणि न शिजवता खायचा. त्यातले काही मासे कुणीतरी इस्रायलला नेले. न्यू यॉर्कमध्ये दोघं आणि इस्रायलमध्ये सहा जण आजारी पडले. त्यातला एक दगावला. आजाराचं नाव बॉट्युलिझम. यात एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूही थकतात.

याला कारणीभूत जिवाणूचे बीजाणू पाण्याच्या तळाशी चिखलात असतात. तिथून ते माशाच्या आतड्यात जातात. या जिवाणूला हवा नको असते, म्हणजे बंद पोट ही त्याची आवडती खोली! मीठ बाहेरून आत मुरत जातं. छोट्या माशात ते पटकन पोचतं, मोठ्याच्या पोटापर्यंत पोचायला मात्र वेळ लागतो. तेवढ्यात आत विष तयार होतं. थंड धुरीनेही हे बीजाणू मरत नाहीत.

वर्गात हे सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "बाई, वासावरून कळत नाही का?" नाही रे बाबा, तिथेच तर फसगत होते! वास, रंग, चव सगळं ठीकठाक असू शकतं. फ्रीजचाही पूर्ण भरवसा नाही. माशातला हा प्रकार तीन-चार अंश सेल्सिअसच्या थंडीतही वाढतो. विष खूप उकळलं तर नष्ट होतं, पण कपचुंका उकळतं कोण?

आणि हो, इस्रायलला गेलेले ते मासे मालाच्या खोक्यांतून नव्हे, एका प्रवाशाबरोबर गेले होते. तुमच्या घरातून कुणी अमेरिकेला निघालं, तर बघा, तिथे उतरल्यावर सामानात खाण्याचं काय काय आहे ते सांगावं लागतं.