लेथची घोडी

लेथ विकत घेताना माणूस यंत्र दहादा पारखतो. ते ज्यावर उभे राहायचे त्या घोडीकडे मात्र कोणी पाहत नाही. आमच्या आपट्याला घरामागच्या पडवीत जुना छोटा लेथ मांडला, तेव्हा मीही तेच केले. होते ते चार पाय जोडले, बोल्ट आवळले आणि दांडा कातायला घेतला. तर काय, दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक! महिनाभर मी यंत्राला बोल लावला. दोष होता घोडीचा.

असे का व्हावे? लेथचा बेड ओतीव लोखंडाचा, दिसायला दणकट. पण खालचे चार टेकू एका पातळीत नसले, तर बोल्ट आवळताच एका पायाने अधांतरी असलेल्या बाजेसारखा तोही पिळतो. हा पीळ डोळ्यांना दिसत नाही, कातलेल्या मालात मात्र दिसतो.

तेव्हा घोडी अशी करावी. पन्नास मिलिमीटर रुंद, सहा मिलिमीटर जाड अँगल घ्यावा. उंची अशी धरावी, की फिरणाऱ्या दांड्याची मध्यरेषा आपल्या कोपराच्या पातळीला येईल. म्हणजे कंबर वाकत नाही. वेल्डिंग एकदम पुरे करू नये. आधी नुसते टाके द्यावेत, गुण्या लावावा, दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने जोडावेत, कारण तापलेले लोखंड थंड होताना आखडते आणि चौकट ओढून घेते. पायांना पातळी साधणारे बोल्ट लावावेत आणि घोडी कोब्यावर ठेवावी.

लेथ बसवला की परीक्षा घ्या. जाडसर दांडा फक्त चकमध्ये धरा. चकपासून सुमारे शंभर मिलिमीटरच्या अंतरात दोन कडी राखून मधला भाग बारीक कातून टाका. मग हत्याराची जागा न हलवता दोन्ही कड्यांवरून हलका काप घ्या आणि मायक्रोमीटरने मापा. बाहेरचे कडे जाड निघाले, तर चकच्या विरुद्ध टोकाकडील, तुमच्या बाजूच्या पायाखाली पातळ पत्रा सारा. बारीक निघाले, तर मागच्या पायाखाली. दोन्ही मापे जुळेपर्यंत हे करीत राहावे.

आता रंगाचे. आपटा पाताळगंगेच्या काठचे, कोकणच्या पावसातले गाव. मी पहिली घोडी भर जुलैत रंगवली. गणपती यायच्या आत रंगाला फोड आले आणि खाली गंज सापडला. लोखंड सकाळी हवेपेक्षा गार असते, म्हणून थंड पाण्याच्या तांब्यासारखे त्याला दव सुटते. तेव्हा रंगकाम पावसाळा सरल्यावर, कोरड्या दिवशी, ऊन वर आल्यावर करावे. नव्या अँगलवरची काळी पापडी आणि गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने काढावा, थिनरने पुसावे, आणि त्याच दिवशी रेड ऑक्साईडचा हात द्यावा. तो वाळल्यावर वरच्या रंगाचे दोन पातळ हात. जिथे लेथचा पाय टेकतो तिथे मात्र रंग नको, नुसते तेल लावा; रंगाचा थर दबतो आणि साधलेली पातळी बिघडते.

पूर्वी लोखंडाला पहिला हात शेंदराचा देत. शेंदूर गंज छान रोखतो, पण तो शिशाचे संयुग आहे आणि शिसे विषारी, लहान मुलांना तर फारच. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम आहे. म्हणून जुन्या घोडीचा रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. ओला करून खरवडा, आणि मुलांना दूर ठेवा.

दसऱ्याला आपण आपट्याची पाने वाटतो आणि यंत्राला हार घालतो. यंदा हार घालताना जरा खाली वाका आणि घोडीचे चारही पाय टेकले आहेत ना, हे पाहा. यंत्राची तीही एक पूजाच.