डॉक्टरांची शाळा – लेखांक ४ : कोणत्या प्रश्नाला कोणता वर्ग?

मागच्या आठवड्यात आपण सीएमईच्या, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या, तासांचा हिशेब पाहिला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीनुसार डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान ३० तास शिकण्याला द्यायचे असतात. आता ऑनलाइन कार्यक्रमांची रेलचेल आहे. मग त्यांतून निवडायचे कसे?

समजा, भिलाईत सुपेल्याला दवाखाना चालवणारे एक एमबीबीएस डॉक्टर आहेत. छत्तीसगडमध्ये सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ, त्यामुळे त्यांच्या ओपीडीतही ते येतातच. रात्री ओपीडी आटोपल्यावर त्यांच्या मनात तीन प्रश्न असतात.

पहिला माहितीचा : सिकलसेलवरचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध कधी सुरू करायचे, रक्ततपासणी किती दिवसांनी करायची? याला रेकॉर्ड केलेले व्याख्यान उत्तम. हवे तिथे थांबवता येते, पुन्हा ऐकता येते. मात्र अधूनमधून प्रश्न विचारणारे व्याख्यान निवडावे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगात मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचलेले आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांनी त्यांना मागे टाकले. आणि डॉक्टरला तर ते ज्ञान महिन्यांनंतरही हाताशी लागते.

दुसरा प्रश्न अवघड : औषध चालू आहे, तरी हा मुलगा दर महिन्याला कळा घेऊन येतो, आता काय करू? याचे उत्तर व्याख्यानात मिळत नाही. इथे केस मांडून चर्चा करायला हवी. अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठातील यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘एको’ या उपक्रमाची सुरुवात केली ती याच गरजेतून. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना दूरवरून त्यांच्याकडे यावे लागे, महिनोन्महिने थांबावे लागे. मग ठिकठिकाणचे डॉक्टर व्हिडिओवर आपापल्या केस मांडू लागले आणि तज्ज्ञांशी चर्चा करून स्वतःच उपचार करू लागले. २०११ मध्ये ४०७ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले होते, तर या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने छत्तीसगडच्या सरकारी डॉक्टरांना मानसिक आजारांवरचे उपचार शिकवले, तेही याच पद्धतीने. ही पद्धत वेळ मागते, आणि आपले अडलेले चारचौघांत सांगण्याचे धैर्यही. पण रुग्णाच्या पदरात काही पडते ते इथेच.

तिसरा प्रश्न हाताच्या कौशल्याचा : भाजलेल्या रुग्णाचे ड्रेसिंग, श्वासनलिकेत नळी घालणे. व्हिडिओ पाहून पायऱ्या कळतात, पण हात बसत नाही. त्यासाठी कार्यशाळेला किंवा मोठ्या रुग्णालयात जायलाच हवे. पोलादनगरी भिलाईत तर भाजलेल्या रुग्णांशी डॉक्टरांचा जुना परिचय आहे. असे शिक्षण जवळ मिळत असेल, तर ते स्क्रीनवर शोधू नये.

म्हणून नाव नोंदवताना क्रेडिट पॉइंट किती, हे नंतर पाहावे. आधी पाहावे, आपल्याला कोणत्या रुग्णाने अडवले आहे. या आठवड्यात ओपीडीत अडलेले तीन प्रसंग वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा : माहिती, निर्णय की हात? वर्ग कोणता निवडायचा, ते ही वहीच सांगेल.

पुढील लेखांकात : औषध कंपन्यांनी प्रायोजित केलेले वेबिनार कसे पारखावेत.