बंडाचें मूळ

बंड म्हटलें कीं तलवारी, मशाली आणि डोंगरकपारींत लपलेलीं माणसें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु एरव्हीं निमूटपणें सारा भरणारीं व कचेरींत मान खालीं घालून बसणारीं माणसें शस्त्र कां उचलतात, हा प्रश्न आम्हांस अधिक विचारणीय वाटतो. यासाठीं वासुदेव बळवंत फडके यांनीं १८७९ सालीं पुणें प्रांतीं केलेल्या बंडाचें उदाहरण घेऊं.

पुष्कळांची समजूत अशी कीं, भूक माणसास बंडखोर करते. १८७६-७७ चा दक्षिणेंतील दुष्काळ भयंकर होता, हें खरें. सरकारी कामांवर राबणाऱ्या मजुरांस दिवसाकाठीं अवघें एक पौंड धान्य व वर थोडे पैसे, असा हिशेब ठरला, तेव्हां कित्येकांनीं कामें सोडलीं. पण शस्त्र उचललें नाहीं. बहुतेक भुकेले परागंदा झाले किंवा मुकाट्यानें मेले. उपाशी माणसाच्या अंगीं लढण्याचें त्राण तरी कोठून असणार?

स्वतः फडके तर उपाशी नव्हते. ते शिरढोणचे, पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत कारकून होते. आई अत्यवस्थ असतां त्यांस रजा वेळेवर मिळाली नाहीं, व तिची अखेरची भेट झाली नाहीं. हें शल्य त्यांच्या मनांतून कधींच गेलें नाहीं. तथापि एवढ्यावरच त्यांनीं बंड केलें असें नव्हे. मध्यें कित्येक वर्षें गेलीं. त्या काळांत देशाच्या दारिद्र्याविषयीं रानड्यांचीं व्याख्यानें त्यांनीं ऐकलीं, शाळा काढण्यास हातभार लावला, दुष्काळांत गांवोगांव फिरून लोकांची दशा पाहिली. स्वतःच्या दुःखांत सर्वांचें दुःख दिसूं लागलें. आमच्या मतें बंडाचें बीज रुजतें तें येथें.

पुण्याचे सुशिक्षित कांहीं त्यांच्या मागें निघाले नाहींत. निघाले ते मुख्यतः रामोशी. मराठेशाहींत किल्ल्यांची व गांवांची राखण हें त्यांचें काम. इंग्रजी अमलांत किल्ल्यांवरील शिबंदी मोडली, हक्क गेले, आणि कालचा राखणदार आज संशयित चोर ठरला. उमाजी नाईकांचें बंड याच दुःखांतून उठलें होतें. त्यांस १८३२ सालीं पुण्यास फांशीं देऊन अर्धें शतकही लोटलें नव्हतें. ज्याचें कधींच कांहीं नव्हतें त्यापेक्षां, ज्याचें होतें तें गेलें, तो लवकर उठतो.

मात्र दोघांचे हेतु एक नव्हते. १८७९ च्या फेब्रुवारींत धामारीवर पहिला दरोडा पडला. फडक्यांस लुटीच्या पैशांतून सैन्य उभारावयाचें होतें. साथीदारांस लूट घरीं न्यावयाची होती. त्यांच्या लोभाविषयीं फडक्यांनीं आपल्या आत्मवृत्तांत कष्टी होऊन लिहिलें आहे. आम्ही रामोशांस दोष देत नाहीं. दुष्काळांतून वांचलेल्या घरीं दाणे नेणें, हाच कदाचित् त्यांचा स्वराज्याचा अर्थ असेल.

मे महिन्यांत दौलतराव नाईक पडले, आणि जुलैंत विजापूर भागांत फडके पकडले गेले. त्यांच्याच हातचें आत्मवृत्त न्यायालयांत त्यांच्याविरुद्ध पुरावा झालें. त्यांच्या बाजूनें वकील उभे राहिले ते सार्वजनिक काका, ज्यांचा स्वतःचा मार्ग अर्जविनंत्यांचा होता. फडक्यांस जन्मठेप झाली, आणि १८८३ च्या फेब्रुवारींत एडनच्या तुरुंगांत ते वारले.