परसातील कुक्कुटपालनासाठी अंड्यावरील कोंबडीची निवड व खरेदी : एक विवेचन

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रात परसातील चार-सहा कोंबड्या हे बहुधा घरातील स्त्रीचे स्वतःचे धन असते. शेतीचे उत्पन्न सामाईक असते, दुधाचे पैसे डेअरीच्या हिशेबात जमा होतात. अंड्यांचे पैसे मात्र तिच्या हाती राहतात. शाळेची वही, औषधाची बाटली, अवचित आलेल्या पाहुण्याचे जेवण हे खर्च त्यातून निघतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील एकूण कुक्कुट पक्ष्यांची संख्या ८५.१८ कोटी होती. त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसातील होते आणि २०१२ च्या तुलनेत ही संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. या वाढीच्या संदर्भात पक्षीवाटपाच्या योजना, खाद्य आणि बाजारपेठ यांची चर्चा पुष्कळ होते. पक्षी प्रत्यक्ष विकत घेण्याच्या प्रसंगाकडे मात्र दुर्लक्ष होते. वास्तविक कळप उभा राहणार की महिन्याभरात मोडणार, हे पुष्कळ अंशी त्याच वेळी ठरते. शिवाय परसातील कोंबड्यांना कुंपण नसते. एका घराने आणलेली रोगट कोंबडी सगळ्या आळीचे नुकसान करते, ही बाब लक्षात घेता कोंबडीची खरेदी हा केवळ घरगुती व्यवहार राहत नाही.

जातीची निवड

खरेदीदार प्रथम विचारतो तो प्रश्न वर्षाला अंडी किती, हा. गावरान कोंबडी परसात वर्षाकाठी साधारणतः ६० ते ८० अंडी देते. हैदराबाद येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘वनराज’ पक्ष्यापासून परसातील परिस्थितीत सुमारे १०० ते ११० आणि ‘ग्रामप्रिया’पासून सुमारे १६० ते १८० अंडी अपेक्षित असतात. व्यावसायिक संकरित कोंबडी ३०० च्या पुढे जाते. पण ती पिंजरा, संतुलित खाद्य आणि कृत्रिम प्रकाश यांच्या आधारावर. तीच कोंबडी उकिरड्यावर सोडली असता तेवढी अंडी देईल, ही अपेक्षा व्यर्थ होय.

आकड्यांच्या या तुलनेत एक गोष्ट निसटते. गावरान कोंबडी खुडूक बसते. अंड्यांचा हिशेब मांडणाऱ्यास हा दोष वाटतो, कारण खुडूक कोंबडी काही आठवडे अंडी देत नाही. परंतु त्याच गुणामुळे कळप स्वतःची भर स्वतः घालतो आणि घारीपासून पिल्लांचे रक्षण करणारी आईही मिळते. सुधारित जातींमध्ये हा गुण जवळजवळ नाहीसा झालेला असतो. त्यांची पिल्ले दर खेपेस विकत आणावी लागतात. म्हणून काही घरांत सुधारित तलंगांबरोबर एक-दोन गावरान कोंबड्या अंडी उबवण्यासाठी ठेवतात. ही रीत कोणत्याही पुस्तकी शिफारशीइतकीच शहाणपणाची आहे. पांढऱ्या पिसांचा पक्षी मोकळ्यावर घारीच्या आणि मुंगसाच्या नजरेस लवकर पडतो. त्यामुळे परसासाठी तपकिरी वा चित्रविचित्र रंगाचे पक्षी अधिक योग्य ठरतात.

वय आणि विक्रीचे कारण

अंडी हवी असतील तर एक दिवसाच्या पिल्लांपेक्षा १६ ते १८ आठवड्यांची तलंग घेणे नवख्या पालकास सोयीचे असते. पिल्लांना पहिले काही आठवडे कृत्रिम ऊब द्यावी लागते आणि मरतुकीचा धोकाही त्याच काळात अधिक असतो. लिंगभेद न केलेल्या पिल्लांत सुमारे निम्मे नर निघतात, हा खर्चही बहुधा हिशेबात धरला जात नाही. तलंग तुलनेने महाग पडते; पण हा कठीण काळ तिने दुसऱ्याच्या घरी काढलेला असतो.

आठवडी बाजारात मात्र तलंगापेक्षा मोठी कोंबडीच अधिक दिसते आणि येथेच फसगत होते. भरात अंडी देणारी कोंबडी कोणीही सहजासहजी विकत नाही. तेव्हा ‘ही किती अंडी देते’ यापेक्षा ‘ही विकायला का काढली’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. व्यावसायिक फार्मवर साधारणतः ७२ ते ८० आठवड्यांनंतर उत्पादन घटू लागले की संपूर्ण कळप विकून टाकतात. या कोंबड्या खाण्यासाठी म्हणून बाजारात येतात. पण त्यांतील तपकिरी पिसांच्या कोंबड्या अजाण गिऱ्हाइकास ‘गावरान, अंड्यावर आलेली’ म्हणून खपविणे अवघड नसते. त्यांची खूण चोचीवर असते. पिंजऱ्यातील पक्ष्यांनी एकमेकांना टोचू नये म्हणून लहानपणीच त्यांच्या चोचीचे टोक कापलेले असते. बोथट चोच, जाळीवर राहून वाढलेली नखे, मानेवरची व छातीवरची झिजलेली पिसे ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली की ती कोंबडी परसात वाढलेली नाही, हे निश्चित समजावे.

बाजाराच्या हंगामालाही महत्त्व आहे. आषाढाच्या अखेरीस मागणी आणि भाव दोन्ही चढतात. श्रावणात ते उतरतात. श्रावणातील स्वस्ताई खरेदीदारास मोहात पाडते. परंतु भर पावसात ओलसर जागेमुळे रक्ती हगवणीचा उपद्रव वाढतो, ही दुसरी बाजूही पाहावयास हवी.

हाती घेऊन परीक्षा

कोंबडी दुरून पाहून घेऊ नये. प्रथम ती टोपलीत किंवा खुराड्यात कशी वागते, हे थोडा वेळ न्याहाळावे. निरोगी पक्षी सावध असतो आणि दाण्याकडे झेपावतो. डोळे मिटून, पिसे फुलवून कोपऱ्यात उभा असलेला पक्षी आजारी समजावा. त्यानंतर दोन्ही पंख दाबून ती हाती घ्यावी. डोळे टपोरे व कोरडे असावेत, नाकपुड्यांतून स्राव नसावा. कानाशी धरून श्वास ऐकल्यास घरघर लक्षात येते आणि जुनाट श्वसनविकाराची ही खूण बाजारच्या गलबल्यात हमखास दुर्लक्षिली जाते. छातीचे हाड बोटांनी चाचपावे. ते सुरीसारखे धारदार लागले तर पक्षी खंगलेला आहे. या हाडाचे मागचे टोक तरुण पक्ष्यात लवचिक असते, वयस्क पक्ष्यात कडक. पायांवरील खवलेही वय सांगतात. तलंगाचे खवले गुळगुळीत व चकचकीत असतात. जुन्या कोंबडीचे खरबरीत होतात. ते उचललेले व चुन्याचा थर बसल्यासारखे दिसले तर मात्र तो किडीचा प्रादुर्भाव होय. पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती उवा व गोचीड पाहावेत. तेथील पिसे विष्ठेने माखलेली असतील तर ती कोंबडी परत ठेवावी.

ती सध्या अंडी देते की नाही, हेदेखील हातास कळते. अंड्यावरील कोंबडीचा तुरा आणि चोचीखाली लोंबणारे कल्ले लाल, भरलेले व ऊबदार असतात. अंडी थांबली की ते आक्रसतात आणि फिके पडतात. गुदद्वार मोठे, ओलसर व लांबट असते. न देणारीचे लहान, कोरडे व गोल असते. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या कटिभागाच्या हाडांच्या टोकांमध्ये दोन ते तीन बोटे मावली तर ती अंडी देत आहे. एकच बोट मावले तर नाही. पिवळ्या कातडीच्या जातींत आणखी एक पुरावा मिळतो. अंडी सुरू झाली की शरीरातील पिवळे रंगद्रव्य बलकाकडे वळते आणि प्रथम गुदद्वाराचा, मग डोळ्यांच्या कडांचा, पुढे चोचीचा व सर्वांत शेवटी पायांचा रंग उतरतो. पाय फिके पडलेली कोंबडी कित्येक महिने अंडी देत आलेली आहे, असा याचा अर्थ होतो. पिवळेजर्द पाय पाहून भाळणारे गिऱ्हाईक पुष्कळदा नेमकी आळशी कोंबडी घरी नेते. तलंगाला ही कसोटी अर्थातच लागू नाही. तिने अजून अंडे दिलेलेच नसते.

लसीकरण आणि विक्रेता

हाताच्या परीक्षेची मर्यादा ही की वाहक पक्षी निरोगी दिसतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस कुमाऊँतील राणीखेत येथे आढळलेला आणि महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणून ओळखला जाणारा रोग लस न दिलेल्या कळपात शिरला तर अल्पावधीत खुराडे रिकामे करतो. म्हणून तलंग घेताना लासोटा व गंबोरो या लसी, तसेच साधारण आठ ते दहा आठवड्यांच्या वयात द्यावयाची आर-टू-बी ही मानमोडीची लस दिली आहे काय, याची तारखेनिशी विचारणा करावी. मरेक्सची लस उबवणी केंद्रावर पहिल्याच दिवशी द्यावयाची असते. ती राहिली तर पुढे भरून काढता येत नाही. पशुसंवर्धन विभागाची पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे, तसेच लसीकरणाची नोंद ठेवणारा संगोपन केंद्रचालक, यांच्याकडील पक्षी बाजारच्या टोपलीपेक्षा म्हणूनच श्रेयस्कर. तेथे थोडे थांबावे लागते, ही गैरसोय खरी आहे.

बर्ड फ्लूवर मात्र लस हा उपाय आपल्या देशात परसातील पालकाच्या हाती नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला उद्रेक नोंदविला गेला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे तो पुन्हा आढळला. अशा वेळी ठराविक परिघातील सर्व पक्षी, परसातले धरून, नष्ट करावे लागतात. आसपास पक्ष्यांच्या अचानक मरतुकीची वार्ता असेल तर त्या दिवसांत खरेदीच करू नये.

घरी आणल्यावर

नव्या कोंबड्या जुन्या कळपापासून किमान तीन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात. डालगे, पाण्याचे भांडे व दाणे वेगळे असावेत. दाणापाणी प्रथम जुन्यांचे करावे, नंतर नव्यांचे, म्हणजे हातापायांवरून संसर्ग जात नाही. या काळात जंतनाशक द्यावे आणि विष्ठेवर लक्ष ठेवावे. प्रवासाच्या ताणामुळे अंड्यावर आलेली कोंबडीही आठ-पंधरा दिवस अंडे देत नाही. तेवढ्यावरून ती परत बाजारात नेण्याची घाई करू नये.