फेसावरून पावडरीचे माप ठरत नाही

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत सगळ्या घरांना एकाच प्रकारचे पाणी मिळत नाही, आणि फ्रंट लोड, म्हणजे समोर काचेचे दार असलेल्या वॉशिंग मशीनविषयीचे बरेचसे गैरसमज या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष झाल्याने रुजले आहेत. टाटांच्या खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत केंद्रांतून पाताळगंगा व उल्हास यांच्या खोऱ्यांत उतरणारे पाणी घाटमाथ्यावरील तलावांत साठलेले पावसाचे पाणी असल्याने त्यात क्षार कमी असतात. उलट बोअरवेलचे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते, आणि त्यांचे प्रमाण वाढले की पाणी दुष्फेन, म्हणजे साबणाला फेस येऊ न देणारे बनते. बाटलीत पाणी आणि किसलेला साधा साबण घालून ती जोराने हलवली असता फेसाऐवजी पांढरट साका आला, तर पाणी दुष्फेन समजावे. अशा पाण्याला पावडर अधिक लागते आणि तलावाच्या पाण्याला पुष्कळच कमी पुरते, म्हणून शेजारच्या घरातले माप उचलून चालत नाही.

फेस जितका जास्त तितकी धुलाई चांगली, हा सर्वांत खोल रुजलेला समज आहे. फ्रंट लोड मशीनमध्ये पाणी थोडे असते आणि कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात, त्या आपटण्यानेच मळ सुटतो. दाट फेस मध्ये आला की तो गादीसारखा मार झेलतो, आणि शेवटी पावडरीचा अंश धाग्यांत राहून टॉवेल कडक होतो. बादलीतल्या हातधुण्यासाठी केलेल्या पावडरीत मुद्दामच फेस जास्त ठेवलेला असतो, म्हणून ती या मशीनला योग्य नाही.

जोडीला घालायच्या पदार्थांबाबतचा गोंधळ याहून मोठा आहे. धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) आणि खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) एकच मानले जातात. प्रत्यक्षात पहिला तीव्र अल्कधर्मी असून तो बहुतेक पावडरींत आधीच असतो, तर दुसरा सौम्य असून मळावर त्याचा परिणाम अल्प असतो. धुण्याचा सोडा दुष्फेन पाण्यात उपयोगी पडतो, परंतु रेशीम आणि लोकर यांना तो घातक आहे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातल्याने बुडबुडे दिसतात, पण ते दोन्ही परस्परांना निष्प्रभ करत असतात. याहून गंभीर बाब अशी की क्लोरीन असलेले ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो, म्हणून ही जोडी कधीही करू नये. पांढऱ्या सुती कपड्यांवरील डागांना सोडियम परकार्बोनेट खरोखर उपयोगी ठरते, मात्र ते कोमट ते गरम, साधारण ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाच्या पाण्यात नीट काम करते.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्याने पाणी मऊ होते, हाही समज बरोबर नाही. तुरटी गाळ खाली बसवते, विरघळलेल्या क्षारांना हात लावत नाही.

सॉफ्टनर पावडरीच्या खणात ओतल्यास दोहोंचे विरुद्ध विद्युतभार असलेले रेणू परस्परांशी जखडले जाऊन धुलाई आणि मऊपणा दोन्ही बिघडतात, यासाठीच फुलाचे चिन्ह असलेला वेगळा खण शेवटच्या खळबळण्याच्या वेळी उघडतो. टॉवेलवर तर सॉफ्टनरच्या लेपाने पाणी शोषणे कमी होते. नीळही मळ काढत नाही. ती फक्त पिवळटपणा डोळ्यांआड करते.

जुलै-ऑगस्टमध्ये कपड्यांना येणारा कुबट वास सुगंधी द्रव्याने जात नाही, कारण तो मोराक्सेला ऑस्लोएन्सिससारख्या जिवाणूंमुळे निर्माण होतो आणि शिल्लक साबण व ओल यांवर ते पोसले जातात. यासाठी अधूनमधून रिकाम्या मशीनचा ६० अंशांचा फेरा, दाराच्या रबरी कडेची पुसणी आणि धुणे संपल्यावर दार उघडे ठेवणे उपयोगी पडते. धुतलेला टॉवेल पावडरीविना ४० अंशांवर फिरवल्यावर काचेतून फेस दिसला, तर पुढच्या वेळी माप कमी करावे.