किमान रकमेचा फास

सावकाराच्या वहीवर अंगठा उठवण्याचे दिवस आजोबांबरोबर संपले, असे आम्ही समजत होतो. परवा थोरल्या मुलाचे क्रेडिट कार्डाचे बिल हाती आले आणि दचकलो. देणे १०,००० रुपये. त्याखाली 'किमान देय रक्कम ५०० रुपये'. पोरगा निर्धास्त. म्हणाला, "पाचशे भरले की झालं!"

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे ३५० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ६३ रुपये. पाचशे भरून मुद्दल फिटले अवघे ८७ रुपये!

तेव्हा घरात ठरले : पगारातून फिटेल तेवढीच खरेदी. मुदतीत पूर्ण बिल भरले तर खरेदीवर व्याज नाही. बाकी ठेवली की नव्या खरेदीवरही व्याज सुरू. कार्डावर रोख रक्कम काढायची नाही, तिला बिनव्याजी मुदत नसते. न मागता कार्ड आले तर चालू करायचे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार असे कार्ड पाठवण्यास मनाई आहे.

भगिनींनो, घरात येणारे बिल तुम्हीही वाचा. सही एकाची असते, फेडते मात्र सारे घर.